डिस्क ब्रेकचा कॅलिपर : योग्य सुटा भाग ओळखायचा कसा?

पुण्यातील नाना पेठेत दुचाकींच्या सुट्या भागांची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. तेथे काउंटरवर जाऊन ‘कॅलिपरचे सील द्या’ असे म्हटले, की पलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘‘गाडी कुठली?’’ गाडीचे नाव सांगितले, की दुसरा प्रश्न येतो, ‘‘साल?’’ आणि साल सांगितले, की तिसरा, ‘‘कॅलिपर कुठल्या कंपनीचा?’’ बहुतेक ग्राहकांची तयारी या तिसऱ्या प्रश्नापाशी संपते. मग दुकानदार आतल्या फळीवरून एक प्लास्टिकची पिशवी काढतो, ‘‘हेच बसतं साहेब, सगळ्यांना हेच देतो,’’ असे सांगतो आणि व्यवहार पूर्ण होतो. ब्रेकच्या बाबतीत हा व्यवहार किती महागात पडू शकतो, याची कल्पना ना घेणाऱ्याला असते, ना अनेकदा देणाऱ्याला.

यातील गंमत अशी, की दुचाकीचे डिस्क ब्रेक जेथे मोठ्या प्रमाणावर तयार होतात, अशा देशातील मोजक्या भागांत महाराष्ट्राची गणना होते. इटलीच्या ब्रेम्बो या विख्यात कंपनीचा दुचाकी ब्रेकचा कारखाना नाना पेठेपासून तीसेक किलोमीटरवर, चाकणला आहे. भारतीय आणि आशियाई बाजारातील लहान व मध्यम गाड्यांसाठी ही कंपनी ‘बायब्रे’ या नावाने कॅलिपर पुरवते. ‘बाय ब्रेम्बो’चेच ते लघुरूप. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज येथील एन्ड्युरन्स कंपनीही दुचाकींसाठी डिस्क ब्रेक बनवते. तरीही पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या गाडीच्या कॅलिपरमधील रबराची एक कडी हवी असेल, तर पुणेकराला अख्खा दिवस पायपीट करावी लागते आणि शेवटी हाती येते ती बरोबर आहे की नाही, याची शाश्वती नसते.

एका कडीवर सारा भार

डिस्क ब्रेकचे तत्त्व शाळेत शिकलेल्या पास्कलच्या नियमाचेच आहे. हँडलवरचा लिव्हर दाबला, की मास्टर सिलिंडरमधील लहान पिस्टन ब्रेक ऑइलवर दाब देतो. तो दाब नळीतून चाकाजवळच्या कॅलिपरमध्ये पोहोचतो आणि तेथील मोठा पिस्टन, म्हणजे पाठ्यपुस्तकातला दट्ट्या, पॅडला फिरत्या डिस्कवर रेटतो. मोटारसायकलींच्या जगात ही व्यवस्था मोठ्या प्रमाणावर आणली ती १९६९ च्या होंडा सीबी ७५० या गाडीने. आपल्याकडे १९९९ ची हिरो होंडा सीबीझी आणि २००१ ची बजाज पल्सर या गाड्यांनंतर पुढच्या चाकाला डिस्क असणे ही सर्वसामान्य ग्राहकाचीही अपेक्षा बनली. त्या काळात घेतलेल्या गाड्या आज विशीत आहेत. त्यांचे इंजिन अजून धडधाकट असते, परंतु कॅलिपर म्हातारे झालेले असतात.

लिव्हर सोडल्यावर पिस्टन मागे कसा येतो, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. ड्रम ब्रेकमध्ये लायनर मागे ओढायला स्प्रिंग असते. कॅलिपरमध्ये पिस्टनला तशी स्प्रिंग नसते. ते काम करते पिस्टनभोवतीची रबरी कडी, म्हणजे सील. हे सील गोल तारेसारखे नसते. त्याचा छेद चौकोनी असतो. ज्या खाचेत ते बसते, तिची एक कड किंचित तिरकी कापलेली असते. पिस्टन पुढे सरकला, की सील त्याला धरून ठेवत त्या तिरक्या बाजूकडे वाकते आणि दाब गेला, की मूळ आकारात परत येताना पिस्टनलाही केसभर मागे ओढून आणते. पॅड आणि डिस्क यांच्यात जी कागदाएवढी फट राहते, ती या ओढीमुळे. पॅड झिजत गेला, की पिस्टन सीलमधून तेवढा पुढे घसरतो आणि फट पुन्हा तेवढीच राहते. तेल अडवणे, पिस्टन मागे घेणे आणि झीज भरून काढणे ही तिन्ही कामे ही एक कडी विनातक्रार करीत असते. म्हणूनच ती ‘साधारण तशीच’ असून चालत नाही.

सीलच्या बाहेरच्या बाजूला आणखी एक पातळ कडी असते, तिला डस्ट सील म्हणतात. धूळ, चिखल, पावसाचे पाणी आत जाऊ नये एवढेच तिचे काम. बहुतेक जपानी धर्तीच्या कॅलिपरांत आतले सील जाड आणि डस्ट सील पातळ असते. दोहोंचा व्यास डोळ्यांना सारखाच दिसतो. घाईत त्यांची अदलाबदल झाली, तर गाडी गॅरेजच्या दारापर्यंत व्यवस्थित जाते. त्यापुढे काय होईल हे सांगता येत नाही.

कात्रजच्या उतारावर

प्रस्तुत प्रतिनिधीला या विषयाची गोडी लागली ती एका धड्यातून. २००८ मध्ये घेतलेली मोटारसायकल करोनाकाळात, २०२० आणि २०२१ चे दोन पावसाळे, सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी राहिली. नंतर ती बाहेर काढली, तेव्हा पुढचे चाक हाताने फिरेना. ओळखीच्या गॅरेजमधील मिस्त्रींनी कॅलिपर उघडला, पेट्रोलने धुतला आणि ‘‘सील गेलंय, पण किट मिळत नाही या गाडीचं,’’ असे सांगून ओ-रिंगच्या डबीतील मापाला जुळणारी एक कडी बसवून दिली. ब्रेक लागत होता. पैसेही थोडकेच पडले. तक्रारीला जागा नव्हती.

तीन आठवड्यांनी कात्रजचा जुना घाट उतरताना ब्रेक दाबल्यावर लिव्हर थेट मुठीला टेकला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती आणि मागचा ब्रेक शाबूत होता, म्हणून रस्त्याच्या कडेला थांबता आले. डिस्कचा रंग निळसर पडला होता आणि तिच्यावर पाण्याचे चार थेंब टाकताच ते चर्रकन उडून गेले. अर्ध्या तासाने लिव्हर आपोआप पूर्ववत कडक झाला. कोणालाही सांगितले असते, तर ‘तुम्हाला भास झाला’ असेच उत्तर मिळाले असते.

पुढे दुसऱ्या जाणकाराने कॅलिपर उघडला, तेव्हा सारी साखळी उलगडली. ओ-रिंगच्या डबीतील कड्या सहसा नायट्राइल रबराच्या असतात. इंजिन ऑइल, ग्रीस, डिझेल यांना ते रबर उत्तम. परंतु ग्लायकॉलवर आधारित ब्रेक ऑइलमध्ये ते फुगते आणि मऊ पडते. ब्रेकसाठी ईपीडीएम नावाचे वेगळे रबर लागते आणि त्याचा स्वभाव नेमका उलटा. ब्रेक ऑइलमध्ये ते वर्षानुवर्षे टिकते, पण पेट्रोल, डिझेल किंवा साधे ग्रीस लागले, की फुगते. शिवाय ती कडी छेदाला गोल असल्याने पिस्टनला मागे ओढण्याची करामत तिला साधणारच नव्हती. फुगलेल्या कडीने पिस्टन धरून ठेवला, पॅड डिस्कला घासत राहिले, घाटातल्या सततच्या ब्रेकने उष्णता वाढत गेली आणि कॅलिपरमधील जुन्या, पाणी शोषलेल्या ऑइलला उकळी फुटली. उकळीचे बुडबुडे वायूचे. ते दाबले जातात, दाब पुढे पोहोचवत नाहीत. थंड झाल्यावर ते विरले आणि लिव्हर कडक झाला. मिस्त्रींचा हेतू वाईट नव्हता, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. मापाला बसते ते चालते, या समजुतीत आपल्याकडची बहुतेक गॅरेजेस घडली आहेत आणि इतर शंभर कामांत ती समजूत खरीही ठरते.

आधी दोष कॅलिपरचा की दुसऱ्याचा?

सुटे भाग शोधायला निघण्यापूर्वी एक साधी चाचणी करून पाहावी. चाक जाम असताना कॅलिपरवरचे ब्लीड निपल किंचित सैल करावे. चाक लगेच मोकळे झाले, तर दाब वरच्या बाजूला अडकून राहिला आहे असे समजावे. म्हणजे मास्टर सिलिंडरमधील परतीचे बारीक छिद्र बुजले आहे, किंवा नळी आतून फुगून बंद झाली आहे. अशा वेळी कॅलिपरचे किट आणून काहीच साध्य होत नाही. निपल उघडूनही चाक अडलेलेच राहिले, तर मात्र दोष कॅलिपरच्या पिस्टनमध्ये किंवा सरकत्या पिनांमध्ये आहे.

पिनांकडे फार दुर्लक्ष होते. आपल्याकडील बहुसंख्य गाड्यांचा कॅलिपर ‘फ्लोटिंग’ प्रकारचा असतो. त्यात पिस्टन एकाच बाजूला असतात आणि दुसऱ्या बाजूचा पॅड डिस्कला टेकावा म्हणून कॅलिपरचे सारे अंग दोन पिनांवर सरकते. पिनांवरचे रबरी बूट फाटले, की पाणी आत जाते, पिन गंजते, सरकणे थांबते आणि एकाच बाजूचा पॅड झिजत राहतो. दोन पॅडच्या जाडीत ठळक फरक दिसला, तर सीलआधी पिन तपासावी. या दोन पिना दिसायला जुळ्या, पण अनेक गाड्यांत एकीची लांबी वा घडण दुसरीहून वेगळी असते. काढताना कोणती वरची आणि कोणती खालची, याची मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवणे हा या लेखातील सर्वांत स्वस्त सल्ला.

माप घ्यावे, नाव सांगू नये

गाडीचे नाव आणि साल ही माहिती अपुरी का ठरते? एकाच नावाची गाडी आठ-दहा वर्षे विकली जाते. त्या काळात निर्माता कॅलिपरचा पुरवठादार बदलू शकतो, किंवा पुरवठादार तोच राहून पिस्टनचा व्यास बदलतो. त्यात मागील मालकाने कोणत्या गाडीचा कॅलिपर आणून चढवला असेल, हे आरसी बुकात लिहिलेले नसते. म्हणून कॅलिपर आधी उघडावा, माप घ्यावे आणि मगच बाजाराची वाट धरावी. उलट क्रमाने जाणाऱ्यांच्या घरात न लागलेल्या किटांचा संग्रह तयार होतो. या प्रतिनिधीकडे तो आहे.

प्रथम कॅलिपरचे अंग तारेच्या ब्रशने स्वच्छ करून त्यावर ओतकामातच उमटवलेली अक्षरे पाहावीत. निसिन, टोकिको, ब्रेम्बो, बायब्रे, एन्ड्युरन्स यांपैकी एखादे नाव बहुधा सापडते. काही कॅलिपरांवर पिस्टनचे मापही असते. ब्रेम्बोच्या जुन्या चार पिस्टनी कॅलिपरचे ‘पी ४ ३०/३४’ हे नावच सांगते, की त्यात ३० आणि ३४ मिलिमीटर अशा दोन मापांचे चार पिस्टन आहेत. अशा कॅलिपरला चार सारखी सील आणली, तर दोन वाया जाणार हे उघड आहे.

त्यानंतर वर्नियर कॅलिपर. नामसाधर्म्यामुळे दुकानात होणारा गोंधळ बाजूला ठेवू. पिस्टनचा बाहेरचा व्यास निदान दोन ठिकाणी मोजावा, उंची मोजावी आणि आकडे दशांशासह लिहून ठेवावेत. २५.४ मिलिमीटर हे माप वारंवार आढळते, कारण ते बरोबर एक इंच आहे. २५ मिलिमीटरचे सील २५.४ च्या पिस्टनवर ताणून बसवता येते आणि तेथेच फसगत होते. पिस्टन आणि बोअर यांच्यातील मोकळीक मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. अशा घरात ०.४ मिलिमीटर हा फरक फार मोठा आहे. जुने सील मोजून नवे मागणे हाही चुकीचा मार्ग. वापरलेले सील फुगलेले किंवा चपटे झालेले असते, त्याच्या मापावर विसंबता येत नाही. पिस्टनचा धातू मात्र खोटे बोलत नाही.

पिस्टनच्या बाह्यांगावर नख फिरवून पाहावे. पोलादी पिस्टनवरचा क्रोमचा मुलामा सुटला असेल, टोचे पडले असतील आणि ते टोचे सीलच्या वाटेत येत असतील, तर नवे सील आठवड्याभरात कापले जाते. असा पिस्टन पॉलिश पेपरने घासून ‘चालवून घेणे’ ही सार्वत्रिक प्रथा आहे. पॅडच्या बाजूचा, डस्ट सीलच्या बाहेर राहणारा भाग थोडा गंजला असेल, तर हरकत नाही. सरकत्या भागावरचा मुलामा गेल्यास मात्र पिस्टन बदलणे हाच उपाय. ॲल्युमिनियमच्या पिस्टनवर तर घासकाम करूच नये, त्यावरचा कठीण थर निघून जातो.

क्रमांकांची भाषा

माप हाती आल्यावर खरा आधार असतो तो भाग क्रमांकाचा, म्हणजे पार्ट नंबरचा. प्रत्येक गाडीचा पार्ट्स कॅटलॉग असतो आणि त्यात कॅलिपर सुटा करून रेखाटलेला असतो. शोरूमच्या स्पेअर पार्ट काउंटरवर चेसिस क्रमांक सांगितल्यास तो पडद्यावर पाहता येतो. विनंती केली, तर बहुतेक ठिकाणी दाखवतात.

या क्रमांकांना स्वतःचे व्याकरण असते. होंडाच्या पद्धतीत पहिले पाच आकडे भाग कोणता हे सांगतात. पुढच्या कॅलिपरचा पिस्टन ४५१०७, तर मागचा ४३१०७. पुढच्या पॅडची जोडी ०६४५५, मागच्या पॅडची ०६४३५. मधली तीन अक्षरे ज्या गाडीसाठी तो भाग प्रथम बनवला तिची खूण असतात आणि शेवटचे आकडे सुधारित आवृत्ती सांगतात. यामाहात क्रम उलटा. गाडीची खूण आधी, भागाची ओळख मध्ये.

याचा व्यवहारात उपयोग मोठा आहे. मधली खूण आपल्या गाडीची नसून दुसऱ्याच एखाद्या जुन्या गाडीची असेल, तर गोंधळून न जाता आनंद मानावा. निर्मात्याने तोच भाग अनेक गाड्यांत वापरला आहे, असा त्याचा अर्थ. आपल्या गाडीचे किट बंद झाले असले, तरी तोच क्रमांक वापरणारी दुसरी गाडी अजून बाजारात असू शकते आणि तिच्या नावाने किट सहज मिळते. मिळण्याजोगा भाग केवळ वेगळ्या नावाखाली लपलेला असतो. शेवटचे आकडे बदलले असतील, तर तो भाग जुन्याची जागा घेणारा आहे का, हे काउंटरवरच विचारून घ्यावे. संगणकात तशी नोंद असते.

हिरो होंडाच्या गाड्यांबाबत एक जादा पायरी आहे. ही भागीदारी संपवत असल्याची घोषणा डिसेंबर २०१० मध्ये झाली आणि २०११ पासून कंपनीचे नाव हिरो मोटोकॉर्प झाले. साहजिकच जुन्या गाड्यांचे भाग होंडाच्या नव्हे, तर हिरोच्या काउंटरवर मागावे लागतात. क्रमांकांचा सांगाडा मात्र होंडाच्याच वळणाचा दिसतो, त्यामुळे वरील व्याकरण तेथेही उपयोगी पडते.

अनेक गाड्यांच्या कॅटलॉगात कॅलिपरचे सील स्वतंत्र दिलेलेच नसते. ‘कॅलिपर असेंब्ली’ एवढाच एक क्रमांक असतो. काही शे रुपयांच्या रबरासाठी काही हजारांचा अख्खा कॅलिपर घ्या, असा याचा सरळ अर्थ. कंपन्या सुरक्षिततेचे कारण पुढे करतात आणि ते सर्वस्वी खोटे नाही. चुकीची जोडणी जीवघेणी ठरते, हे वर आलेच आहे. परंतु जो भाग झिजणारच हे निर्मात्याला ठाऊक आहे, तो सुटा न विकणे हा ग्राहकावर अन्यायच म्हटला पाहिजे. अशा वेळी कॅलिपर ज्याने बनवला, त्या ब्रेक कंपनीच्या नावाने किट मिळते का, हे पाहावे. कॅलिपरवरचे ओतकामातले नाव येथे उपयोगी पडते.

पिशवीत काय काय हवे

बाजारात ‘मायनर किट’ आणि ‘मेजर किट’ असे दोन शब्द चालतात. मायनरमध्ये साधारणतः केवळ रबरी भाग, मेजरमध्ये पिस्टनही. पण या शब्दांना ठरलेली व्याख्या नाही, म्हणून पिशवी दुकानातच उघडून पाहावी. दोन पिस्टनच्या कॅलिपरला दोन सील आणि दोन डस्ट सील लागतात. काही किटांत एकाच पिस्टनपुरता ऐवज असतो. पिनांचे बूट आहेत का, हेही तपासावे.

तांब्याचे वॉशर बहुधा किटमध्ये नसतात. नळी कॅलिपरला ज्या पोकळ बोल्टने जोडलेली असते, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक वॉशर लागतो. तो दाबला जाऊन एकदाच नीट बसतो, त्यामुळे जुना वॉशर परत वापरू नये. खुद्द हा बोल्ट बदलायची वेळ आली, तर आट्यांकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. जपानी धर्तीच्या ब्रेकना बहुधा १० मिलिमीटर जाडीचा आणि १.२५ अंतराच्या आट्यांचा बोल्ट लागतो, ब्रेम्बोच्या कॅलिपरना १.०० अंतराचा. दोन्ही हातात घेतले, तर फरक कळत नाही. चुकीचा बोल्ट पहिले दोन फेरे सुरळीत जातो, मग पान्ह्याचा जोर लावला, की ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात आणि कॅलिपर भंगारात जातो.

दोन्ही बाजूंना पिस्टन असलेला, दोन अर्धे जोडून बनवलेला कॅलिपर असेल, तर तो मधून उघडण्याच्या फंदात सहसा पडू नये. त्या सांध्यातून ऑइल जाण्याची वाट असते, तेथे लहान रबरी कडी असते आणि अनेक निर्माते ती सुटी विकत नाहीत.

सीलइतकीच महत्त्वाची, पण कोणत्याही पिशवीत न मिळणारी गोष्ट म्हणजे खाचेची स्वच्छता. ॲल्युमिनियमच्या खाचेत, सीलच्या मागे, पांढरा खरबरीत थर साचतो. तो सीलला आतून पिस्टनवर दाबतो. किट बदलूनही महिनाभरात पिस्टन पुन्हा अडकला, तर किटला दोष देण्याआधी ही खाच आठवावी. लाकडी वा प्लास्टिकच्या टोकाने थर खरवडून काढावा. स्क्रूड्रायव्हरने खाचेला ओरखडे पडतात. धुण्यासाठी ब्रेक क्लीनर किंवा ताजे ब्रेक ऑइल. पेट्रोल, रॉकेल, डिझेल यांचा थेंबही नव्या रबराला लागता कामा नये. पिस्टन बाहेर काढताना गाडीच्याच लिव्हरने दाब देऊन तो हळूहळू पुढे आणणे उत्तम. कॉम्प्रेसरच्या हवेने काढायचा, तर समोर जाड फडके ठेवावे आणि बोटे दूर. पिस्टन गोळीसारखा सुटतो.

सील बसवताना ताज्या ब्रेक ऑइलचा हात द्यावा. पिनांना रबराला न बाधणारे, सिलिकॉनचे किंवा खास ब्रेकसाठीचे ग्रीस. गॅरेजमधील डब्यातले पिवळे-काळे ग्रीस नव्हे. काम झाल्यावर एअर काढणे आलेच. एबीएस असलेल्या गाडीत मात्र एअर काढण्यासाठी काही वेळा कंपनीचे निदान यंत्र लागते. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक असल्याने अलीकडच्या गाड्यांच्या मालकांनी हे काम घरी करण्याआधी सर्व्हिस मॅन्युअल पाहावे.

ऑइलच्या बाटलीवर ‘डॉट’ हा शब्द असतो. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नावाचे ते आद्याक्षर-रूप. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३० अंश. हवेतील बाष्प शोषल्यावर हेच आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ पर्यंत खाली येतात. कात्रजच्या उतारावर घडले ते याच फरकात. मास्टर सिलिंडरच्या झाकणावर लिहिलेलेच ऑइल वापरावे आणि साधारण दोन वर्षांनी बदलावे. डॉट ५ हे नाव पुढचा आकडा म्हणून मोहात पाडते, पण ते सिलिकॉनवर आधारित आहे आणि इतरांत मिसळत नाही, डॉट ५.१ हे पुन्हा ग्लायकॉलचेच. नावे देणाऱ्यांनी ग्राहकाचा जरा विचार केला असता, तर बरे झाले असते.

खरे आणि तसेच दिसणारे

बाजारात मालाचे तीन थर आहेत. गाडीच्या कंपनीच्या वेष्टनातला, ब्रेक बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या वेष्टनातला आणि स्वतःच्या नावाने विकला जाणारा ‘लोकल’. हा तिसरा थर सरसकट टाकाऊ नाही. त्यात काही नेटके उत्पादकही आहेत. धोका आहे तो चौथ्या थराचा, जो पहिल्या थराचे कपडे घालून येतो. छपाईतील पुसटपणा, चुकलेले स्पेलिंग, नसलेली एमआरपी किंवा पॅकिंगची तारीख या ढोबळ खुणा झाल्या; नक्कल करणारेही आता त्या सांभाळतात. त्यापेक्षा रबर पाहावे. सीलच्या कडा धारदार आणि सलग हव्यात, साच्याच्या जोडाची रेघ वा लोंबते तुकडे नसावेत, कडी सपाट काचेवर ठेवल्यास वेडीवाकडी बसू नये. पॅकिंग जुने असेल, तर माल अस्सल असला तरी घेऊ नये. फळीवर पडूनही रबर म्हातारे होते.

पक्के बिल मागितले, की काही ठिकाणी दर बदलतो. तो बदलू द्यावा. बिलावर भाग क्रमांक लिहून घेतला, तर माल सदोष निघाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागताना हातात काही तरी राहते. ‘ब्रेक किट, एक नग’ एवढ्या नोंदीवर कोणाशीही भांडता येत नाही.

जुन्या बाजारातून किंवा भंगारातून कॅलिपर घेणाऱ्यांसाठी एक हिशेब. ३० मिलिमीटरच्या पिस्टनच्या जागी ३२ मिलिमीटरचा कॅलिपर बसवला, तर पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे १४ टक्क्यांनी वाढते. मास्टर सिलिंडर तोच राहिल्यास ब्रेकचा जोर वाढतो, पण तेवढाच लिव्हर अधिक आत जातो. ‘बसला’ आणि ‘जुळला’ यांत हे अंतर आहे. शिवाय डिस्कचा व्यास आणि जाडी पाहावी लागते. डिस्कवर ‘मिन टीएच’ या अक्षरांपुढे किमान जाडी कोरलेली असते. डिस्क त्याहून पातळ झाली असेल, तर नव्या कॅलिपरने काही भागत नाही.

या प्रतिनिधीच्या गाडीचे योग्य सील अखेर मिळाले ते गाडीच्या नावाने नव्हे. पिस्टनचे माप आणि कॅलिपरवरचे नाव कागदावर लिहून नेले, तेव्हा नाना पेठेतीलच एका वृद्ध दुकानदारांनी चष्मा कपाळावर सरकवून आकडे वाचले, वहीची चार पाने उलटली आणि एका वेगळ्याच, आजही विकल्या जाणाऱ्या गाडीचे किट पुढे ठेवले. सील, डस्ट सील, दोन बूट. तांब्याचे वॉशर त्यांनी सुटे मोजून दिले. बिलावर क्रमांक घालायला सांगण्याची गरज पडली नाही. तो त्यांनी आधीच लिहिला होता.